वाऱ्याच्या चिठ्ठीवरची लाल रेघ

पियास्कोवो, ९ सप्टेंबर २०१८

प्रिय सेवेक,

कोरं कापड दोन्ही हातांनी धरून टरकन फाडावं, तसा तो आवाज. तुला आठवतो का? लोकांना वाटतं, अग्निबाण गडगडतो. आपली पाकोळी कधी गडगडली नाही. उड्डाणाच्या शिडीवरून सुटली की नुसतं टर्रर्र, आणि आपण मान वर करेपर्यंत आभाळात एक पांढरी शिवण. काल दुपारी पुसणी करायला जुनी चादर फाडत होतो, आणि हात थांबलाच. ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा, हातात अर्धी चादर, डोळ्यांत पाणी. हालिंका असती तर म्हणाली असती, "इग्नाश, एक तर रड, नाहीतर चादर फाड. दोन्ही एकदम नको."

माझं पत्र पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. नऊ वर्षांपूर्वी सख्ख्या बहिणीच्या, हालिंकाच्या मातीला तू आला नाहीस, तेव्हा मी ठरवलं होतं की आता या मेहुण्याशी संबंध संपला. पण वय झालं की ठरवलेल्या गोष्टी जुन्या कोटाच्या बटणांसारख्या एकेक गळून पडतात.

बातमी चांगली आहे. वाळूच्या टेकड्यांमागची अग्निबाण सोडायची आपली जुनी जागा आठवते ना, जिथे आता नुसती पाइनची झाडं आणि काँक्रीटचे चौथरे उरलेत? तिथे संग्रहालय होतंय. लिडिया नावाच्या बाई आहेत, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी ध्यासच घेतलाय. अकरा नोव्हेंबरला, देशाच्या स्वातंत्र्याच्या शंभरीच्या दिवशी, उद्घाटन. भाषण माझं. त्या काळातला इथे राहणारा मीच एकटा उरलोय ना.

लिडियाबाईंना एकच हळहळ आहे. मूळ पाकोळीचा एक तुकडासुद्धा सापडत नाही. सगळ्या समुद्राच्या पोटात. त्यांनी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात निवेदनसुद्धा दिलं: कुणाकडे पंख, नळी, काहीही असेल तर आणून द्या. मी त्यांना सांगितलं, प्रत्येक पाकोळीच्या एका पंखावर माझी बायको निळ्या रंगाने खरीखुरी पाकोळी काढायची, दोन फटकाऱ्यांत. त्यांनी ते लगेच लिहून घेतलं.

सेवेक, तू ये. मी मनात काही ठेवलेलं नाही. वाऱ्याची दिशा त्या दिवशी तू उलटी धरलीस, त्यात बिचाऱ्या कोंकेल कोळ्याचा जीव गेला. पण माणूस चुकतो. मी तुला केव्हाच माफ केलंय. हे समोरासमोर सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून लिहितोय.

शाळेत बाकावर उभं राहून मुलं कविता म्हणतात, तसं एकदा त्या चौथऱ्यावर उभं राहून काहीतरी म्हणू.

तुझा,
इग्नात्सी


पियास्कोवो, २३ सप्टेंबर

सेवेक,

मागचं पत्र मिळालं असेल, तर फाडून टाक. किंवा नको, ठेव.

लिडियाबाईंना काचेच्या पेटीत ठेवायला माझी एखादी वस्तू हवी होती. "साहेब, दुर्बीण सगळेच ठेवतात. तुमचं असं काही द्या." मी शाळेचं कवितांचं पुस्तक काढलं. तेच, जे मी हवामानाच्या फुग्यांच्या खोपटात कायम बरोबर ठेवायचो आणि ज्याच्यावरून तू माझी टिंगल करायचास. त्याचं खाकी वेष्टन तेलकट झालेलं. म्हटलं, नवं घालून देऊ. शाळेत असताना दर सप्टेंबरात आई घालायची तसं.

हे वेष्टन हालिंकाने घातलेलं. एकाहत्तर सालच्या ईस्टरनंतर. तिने ते नुसतं दुमडलं नव्हतं, कडा खळीने चिकटवल्या होत्या. मला तेव्हाही नवल वाटलं होतं, पुस्तकाला कोणी खळ लावतं का.

सुरीने कडा सोडवल्या. वेष्टन आणि पुठ्ठा यांच्या मधे एक चिठ्ठी होती.

आज पुढे लिहवत नाही. सकाळपासून चहा तीनदा केला आणि तिन्ही वेळा प्यायचा राहिला. तू येऊ नकोस. म्हणजे ये. मला कळत नाही.

इ.


पियास्कोवो, ३० सप्टेंबर

प्रिय सेवेक,

आठवडा गेला. आता हात स्थिर आहे. सगळं ओळीने लिहितो. तुला यातलं बरंच माहीत आहे, पण मला स्वतःला एकदा ऐकायचंय.

वाऱ्यावरून आपलं भांडण नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच झालं होतं. मी हवामानवाला. माझ्या शास्त्रात वारा म्हणजे तो कुठून आला. तू तोफखान्यातून आलेला. तुझ्या तक्त्यांत वारा म्हणजे तो कुठे ढकलणार. मी आग्नेयेचा वारा म्हटलं की तू वायव्य लिहायचास. दोघांचंही बरोबर.

"इग्नाश, तू मला वारा कुठून आला ते का सांगतोस? मी काय त्याच्याशी सोयरीक जोडतोय, गाव-घराणं विचारायला?"

"अरे गाढवा, जगातला प्रत्येक खलाशी हेच विचारत आलाय."

"खलाशी बुडतात. आम्ही नेम धरतो."

हालिंका कोबीचं सारण भरलेले पियेरोगी वाढत होती. ती म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांशीच लग्न करा. मी वाऱ्याबरोबर जाते."

मग त्याच टेबलावर आपला नियम ठरला. कागदोपत्री कुठेच नव्हता तो. साहेबांना कळला असता तर दोघांनाही हाकललं असतं. मी फुगा सोडायचा, दुर्बिणीतून त्याचा पाठलाग करायचा, वारा काढायचा आणि माझ्या खोपटातच तो अर्धं वर्तुळ फिरवून तुझ्या भाषेत चिठ्ठीवर लिहायचा. फिरवला की खाली लाल पेन्सिलीने एक रेघ. लाल रेघ म्हणजे, फिरवलाय, आता हात लावू नकोस. मी रजेवर असलो की बदलीचा हवामानवाला न फिरवताच आकडा द्यायचा. त्या चिठ्ठीवर रेघ नसे, मग तू फिरवायचास. सहा वर्षं चाललं हे. नवव्या पाकोळीपासून चाळिसाव्यापर्यंत एकदाही चुकलं नाही. देशाची पहिली स्वतःची पाकोळी साठ किलोमीटर वर जाऊन केसासारखे चंदेरी धागे सोडायची, लष्कराचं रडार त्यांच्या तरंगत जाण्यावरून वरच्या आभाळातला वारा मोजायचं, वृत्तपत्रांत फोटो यायचे, आणि त्या सगळ्या शास्त्राचा नेम एका चार पैशांच्या लाल पेन्सिलीवर उभा होता. आता किंमतसुद्धा आठवत नाही.

मग एकेचाळिसावी. चौदा ऑक्टोबर सत्तर.

सकाळ इतकी सुंदर होती, सेवेक. खाली झाडांत पानही हलत नव्हतं. पण फुगा झाडांच्या वर गेला आणि समुद्राकडे असा पळत सुटला, की मला दुर्बीण फिरवता फिरवता धाप लागली. वर जमिनीकडून जोराचा वारा होता. पाकोळीची खोड तुला ठाऊकच. ती जळत असते तोवर वाऱ्याकडे तोंड करते. म्हणजे जमिनीकडे, गावाकडे वळणार. म्हणून शिडी आणखी समुद्राकडे झुकवायला हवी होती.

मी आकडा काढला. फिरवला. चिठ्ठी सायकलवरच्या शिपायाच्या हाती दिली.

तुझ्याकडे काँक्रीटच्या खोलीत ती पोचली, आणि शिडी उलट्या बाजूला झुकली.

टर्रर्र. पांढरी शिवण. शिवण सरळ जाण्याऐवजी आपल्या डोक्यावरून गावाच्या दिशेने वाकली. खूप वेळ काहीच नाही. आणि मग दुसरा आवाज. मागच्या बाजूने. पहिल्या पत्रात मी तुला एकच आवाज लिहिला होता. दुसरा असा होता, जसा कोणीतरी रिकामा पिंप विहिरीत टाकावा.

आउगुस्तिन कोंकेल त्याच्या धुराच्या खोपीत मासे टांगत होता. तीस वर्षांचा. शनिवारी आपल्याला वाम मासा गरम गरम वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा आणि म्हणायचा, "तुमच्या त्या चिमणीपेक्षा माझा धूर सरळ वर जातो, साहेब." त्याची बायको ब्रिगिदा मुलीला घेऊन शेजारी गेली होती, म्हणून दोघी वाचल्या. जळून रिकामी झालेली नळी छपरातून आत गेली होती. संध्याकाळच्या आत लष्कराने रस्ता बंद केला, तुकडे गोळा केले आणि गावात सांगितलं: कोंकेलने किनाऱ्यावरून युद्धातला जुना तोफगोळा आणला होता, भंगारासाठी ठोकत बसला, फुटला. किनाऱ्यावर तसे गोळे सापडायचेच. सगळ्यांना पटलं.

मग चौकशी. हिरव्या कापडाचं टेबल, तीन माणसं. चिठ्ठी सापडत नव्हती. तू म्हणालास, "चिठ्ठीवर लाल रेघ नव्हती. म्हणून मी फिरवला." त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "मी नेहमी रेघ ओढतो."

नेहमी. त्या दिवशी ओढली का, हे त्यांनी विचारलंच नाही. आणि मी सांगितलंच नाही.

त्यांनी हालिंकाला विचारलं. उड्डाणाच्या वेळी ती काँक्रीटच्या खोलीत वेळ नोंदवायला बसली होती, तुझ्यापासून दोन हातांवर. ती म्हणाली, "मी घड्याळाकडे पाहत होते."

तुला बिटोमला पाठवलं. वाऱ्याचा नेम धरणारा माणूस कोळशाच्या खाणीत, जमिनीखाली मोजमाप करायला. मी इथेच राहिलो. दोन वर्षांनी मला पदक मिळालं.

आता ती चिठ्ठी माझ्यासमोर आहे. अक्षर माझं. तारीख आणि वेळ माझ्या हातची. तीनशे तीस अंश. फिरवलेला आकडा. आणि खाली कोरा कागद, सेवेक. लाल रेघ नाही. पन्नास वर्षांच्या अंधारात कागद पिवळा पडला, शिसपेन्सील जशीच्या तशी आहे. लाल कधी नव्हतंच.

तू खरं बोलत होतास.

आणि हालिंकाने ती टेबलावरून उचलून आणली, मला वाचवायला. स्वतःच्या भावाला बुडवून. माझ्याच पुस्तकाच्या वेष्टनाखाली लपवली, जे पुस्तक मी जवळजवळ रोज हातात धरायचो. एकोणचाळीस वर्षं ती माझ्याशेजारी झोपली आणि एक शब्द बोलली नाही. मी ओळखतच नव्हतो तिला? स्वयंपाकघरात तिचा फोटो आहे. आज सकाळी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला, मग लाज वाटून परत सरळ केला.

उत्तर दे. शिव्या दे.

इग्नात्सी


पियास्कोवो, १४ ऑक्टोबर

सेवेक,

तुझं पत्र आलं. अर्धं पान. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मला वाटलं, आतून शिव्या निघतील. त्याला मी तयार होतो. जे निघालं त्याला नव्हतो. पुन्हा पुन्हा वाचतोय. खरंच तूच लिहिलंयस ना, म्हणून तुझ्याच ओळी इथे उतरवून बघतो:

"इग्नाश, हालिनाने मला सगळं एकाहत्तरच्या ईस्टरलाच सांगितलं होतं. बिटोमला आली होती, सातवा महिना, पायांना सूज. चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, तू सांगशील तसं करते. मी म्हटलं, घेऊन जा. दोघांपैकी एकाची तरी नोकरी टिकू दे. पोराला बाप लागतो, मामा नसला तरी चालतं. तिच्या मातीला आलो नाही, कारण कबरीपाशी तू माझा खांदा थोपटून 'माफ केलं' म्हणाला असतास आणि मी तुला त्याच खड्ड्यात ढकललं असतं. तुझं सप्टेंबरचं पत्र वाचून मात्र पोटभर हसलो. खाणीत कोळसा गिळलेला माणूस हसतो तसा, खोकत खोकत. बायको धावत पाणी घेऊन आली. माझं सोड. माझं झालं जगून. कोंकेलचं काय?"

खुर्चीतून उठलो तेव्हा बटाट्यांचं पाणी आटून भांडं काळं झालं होतं.

तर तुम्हा दोघांना माहीत होतं. आमची यादविगा जन्मायच्या आधीपासून. तिच्या बाप्तिस्म्याला तू पाठवलेला चांदीचा चमचा मी खवचटपणे परत पाठवला होता! हालिंका तेव्हा नळ सोडून भांडी घासत राहिली. आता आठवतं, ती नेहमीच नळ सोडायची. मी ती कविता म्हणायला लागलो की हमखास.

तुला ती कविता आठवणार नाही. माझं सगळं बालपण तिच्यात आहे. लढाई संपल्यावरची शाळा, काचा नसलेल्या खिडक्या, मास्तरीणबाई आमच्याकडून एका सुरात म्हणून घ्यायच्या: "वाऱ्याला नाही घर, म्हणून तो सगळ्यांची दारं वाजवतो."

आता जे लिहितोय ते चिठ्ठी सापडायच्या आधीपासून मला माहीत होतं. सेवेक, या ओळीखाली माझ्या पुस्तकात लाल रेघ आहे. आणि समासात, माझ्या सवयीप्रमाणे, तारीख. मला एखादी ओळ नव्याने भिडली की मी तारीख घालतो, तू हसायचास त्याला. तारीख आजचीच आहे. चौदा ऑक्टोबर. सत्तर.

फुगा समुद्राकडे पळत होता, सकाळ काचेसारखी होती, मला ती ओळ आठवली, पुस्तक उघडलं, लाल पेन्सील उचलली. रेघ ओढली. शिपाई दारात उभा होता, "साहेब, चिठ्ठी." मी दिली.

रेघ ओढल्याचं हाताला आठवत होतं. म्हणून चौकशीत म्हणालो, ओढतो. खोटं बोलतोय असं तेव्हा मला वाटलं नव्हतं. पण त्याच हिवाळ्यात पुस्तक उघडलं, रेघ पाहिली, तारीख पाहिली. आणि पान उलटलं. दर वर्षी ते पान येतं. दर वर्षी मी ते जरा लवकर उलटतो. चिठ्ठी हालिंकाने लपवली होती. ही रेघ कोणी लपवली नव्हती. ती माझ्या मांडीवर उघडी पडलेली असायची.

कोंकेलचं काय, विचारतोस. ऐक. या गावात वाळूतून एखादं गंजकं लोखंड पोराने उचललं की आई ओरडते, "टाक ते! कोंकेल होऊ नकोस!" अठ्ठेचाळीस वर्षांनंतरही. त्याचा चेहरा पाहिलेलं कोणी राहिलं नाही. मूर्ख माणूस म्हणून त्याचं नाव तेवढं टिकलंय. आणि संग्रहालयात 'युद्धाचे अवशेष' असा एक फलक आहे. त्यावर जुन्या तोफगोळ्याचं चित्र आणि खाली त्याचं नाव, निष्काळजीपणाचं उदाहरण म्हणून. हा मजकूर कोणी दिला असेल? मीच. ऑगस्टमध्ये लिडियाबाईंनी विचारलं, "गावात काही अपघात वगैरे?" मी चहा ढवळत इतक्या सहजपणे सांगितलं, की चमचासुद्धा थांबला नाही.

आज त्या रस्त्याने गेलो. धुराच्या खोपीच्या जागी आता पर्यटकांसाठी आइसक्रीमची टपरी आहे. हंगाम संपला म्हणून बंद.

इ.


पियास्कोवो, १ नोव्हेंबर

सेवेक,

आज सगळे आपापल्या मृतांना दिवे लावायला गेले. मीही. आधी हालिंकाकडे. तिच्या दगडावर हात ठेवून म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?" आणि तिचं उत्तर मला ऐकू आलं, अगदी तिच्या आवाजात: "तू विचारलंस कधी?"

मग आयुष्यात पहिल्यांदा कोंकेलच्या कबरीकडे गेलो. शोधावी लागेल, गवत माजलं असेल, असं धरून चाललो होतो. चाकूसुद्धा नेला होता. कबर स्वच्छ होती. लाल काचेचा दिवा जळत होता, आणि वाऱ्याने पडू नये म्हणून जाळं विणायच्या निळ्या दोऱ्याने क्रुसाला बांधला होता. गाठ कोळ्याची.

दफनभूमी झाडणारा म्हातारा म्हणाला, "दर वर्षी असतो, साहेब. आम्ही यायच्या आधीच कोणीतरी लावून जातं."

"कोण?"

"मेलेल्यांच्या पाहुण्यांना मी नावं विचारत नाही."

त्याची बायको ब्रिगिदा मुलीला घेऊन जर्मनीला गेली आणि तिकडेच वारली, असं मी ऐकलं होतं. कोणाकडून ऐकलं, ते आठवत नाही. बहुधा मलाच ते ऐकायला बरं वाटलं असावं.

काल लिडियाबाईंकडे गेलो होतो, चिठ्ठी खिशात घेऊन. ठरवून गेलो होतो. त्या शिडीवर चढून माझा मोठा फोटो लावत होत्या. तिशीतला मी, वाऱ्याने केस उडालेले. "साहेब, डावीकडे जरा जास्त झुकलाय का हो?" मी म्हणालो, "नाही, बरोबर आहे." आणि घरी आलो. चिठ्ठी परत खिशातच.

तू ओरडशील, माहीत आहे मला. मी तुला लिहितो तेव्हा धीट असतो, कारण तू सहाशे किलोमीटरवर आहेस. लिडियाबाई दोन हातांवर होत्या.

इ.


पियास्कोवो, ११ नोव्हेंबर, सकाळी नऊ

प्रिय सेवेक,

काळा सूट घातलाय. पदक लावलं, काढलं, पुन्हा लावलं, आणि आता ते टेबलावर पडलंय. लिडियाबाई दहा वाजता गाडी घेऊन येणार. बाहेर सगळ्या खिडक्यांना झेंडे आहेत. समुद्र शांत, वारा जमिनीकडून. मी अजून रोज सकाळी पाहतो.

दोन भाषणं लिहिली आहेत. उजव्या खिशातलं सुंदर आहे. त्यात कापड फाडल्याचा आवाज आहे, चंदेरी धागे आहेत, हालिंकाचे निळे फटकारे आहेत, शेवटी आपल्या देशाने आभाळाला घातलेली पहिली शिवण आहे. लोक रडतील. डाव्या खिशातलं सहा ओळींचं आहे. त्यात तू आहेस, मी आहे, चिठ्ठी आहे आणि पहिल्या वाक्यात आउगुस्तिन कोंकेल.

मला अजून खात्री नाही, माझा हात कोणत्या खिशात जाईल. खरं सांगायचं तर आहे. पन्नास वर्षांची सवय उजवीकडची आहे. यादविगा येणार आहे वॉर्सातून, नातवंडांना घेऊन, पहिल्या रांगेत बसणार. बापाचं कौतुक ऐकायला. तिला मी काय...

दार वाजतंय. लिडियाबाई नसाव्यात, त्या घंटी वाजवतात. हे कोणीतरी मुठीने वाजवतंय, हळू, पण थांबत नाही. उघडून येतो.

सेवेक, घाईत लिहितोय. लागेल तसं वाच.

एक बाई आली आहे. सत्तरीच्या पुढची, डोक्याला रुमाल, बोटं दोऱ्याने चिरलेली. मला वाटलं, मासे विकायला. काखेत ओल्या गोणपाटात काहीतरी गुंडाळलेलं. म्हणाली, "तुम्हीच का ते वाऱ्याचे साहेब?"

मी म्हणालो, हो.

"मी ब्रिगिदा. आउगुस्तिनची." इतकंच. जणू तो बाहेर होडी ओढतोय.

ती जर्मनीला कधी गेलीच नव्हती. तीस किलोमीटरवर, लेकीकडे राहते. वर्षातून एकदा पहिल्या बसने येते, दिवा लावते, कोणी उठायच्या आत परत जाते. कारण ती दिसली की गावातली पोरं एकमेकांच्या कानात 'कोंकेल' म्हणतात.

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. टेबलावर, माझ्या पदकाशेजारी, तिने गोणपाट ठेवलं आणि उलगडलं.

पंख आहे, सेवेक. वाकलेला, एका कडेला जळालेला. आणि त्यावर निळ्या रंगाचे दोन फटकारे. हालिंकाच्या हाताची पाकोळी. मी हात पुढे केला आणि परत घेतला.

"लष्कराचे लोक यायच्या आधी मी हा पिठाच्या पिंपात लपवला," ती म्हणाली. "तोफगोळ्यावर कोणी पाखरं काढत नाही, एवढं मलाही कळत होतं. पण सांगणार कोणाला? तेव्हा म्हणाले, बोललीस तर पोरीला घेऊन जाऊ. नंतर म्हणाले, इतक्या वर्षांनी काय. आता पेपरात आलंय, पंख सापडत नाही, कोणाकडे असेल तर आणून द्या. आणलाय. तुमच्या काचेच्या पेटीत ठेवा, माझी ना नाही."

मी 'धन्यवाद' म्हणालो बहुतेक. असं काहीतरी मूर्खासारखं.

"थांबा, साहेब. त्याखाली चिठ्ठी लावतात ना, कुठे सापडलं ते लिहून? तेवढं आधी मला सांगा. हा कुठे सापडला म्हणून लिहिणार तुम्ही?"

ती माझ्या तोंडाकडे बघत उभी आहे. डाव्या खिशातला कागद काढून मी तिच्यासमोर उघडलाय. ती म्हणते, "मला वाचता येत नाही चष्म्याशिवाय. तुम्हीच वाचा. मोठ्याने वाचा."

पेन ठेवतो, सेवेक.